संशोधन मोफत

३ ऑगस्ट, रविवार

आज आमच्या बैठकीत एक माणूस येऊन बसला. चहात बिस्कीट बुडवून खाल्लं आणि ओली बोटं सोफ्याच्या खोळीला पुसली. खोळ मी भरलेली आहे, मोरपंखी दोऱ्याने. तोंडात आधीच गुटखा, त्याच्यावर चहा, त्याच्यावर बिस्कीट. नाकाला पदर लावावासा वाटला. पण आमच्या ज्ञानदाचं पहिलंवहिलं गिऱ्हाईक, म्हणून तोंडाला कुलूप लावून बसले.

हे मुकेशजी. आमच्या झाशीजवळ मऊरानीपूरच्या गल्लामंडीत, म्हणजे धान्यबाजारात, आढत आहे त्यांची, दलालीची पेढी. धान्याची आवक, तोल म्हणजे वजन, शेतकऱ्याची पर्ची म्हणजे पावती, सगळं कॉम्प्युटरवर व्हावं म्हणून त्यांना सॉफ्टवेअर बनवून हवंय. ज्ञानदा माझी नात. कॉलेज झालं तेव्हापासून म्हणतेय, आज्जी, मी नोकरी नाही करणार, घरूनच लोकांची कामं घेईन. तिच्या बापाला, म्हणजे आमच्या इंद्रजीतला, हे खूळ वाटतं. कारखान्यातली पगाराची नोकरी करून त्याचे केस पिकले, त्याला पहिल्या तारखेशिवाय दुसरी तारीखच माहीत नाही. काल जेवताना त्याने साफ सांगितलं, "हे एक काम दसऱ्यापर्यंत नीट हातावेगळं कर, पैसे घरात आण. नाही जमलं तर बँकेच्या परीक्षेच्या क्लासला नाव घालतो आणि तो लॅपटॉप कपाटात."

आणि ही पोरगी! मुकेशजींनी विचारलं, "बिटिया, लोगी क्या?" तर म्हणते, "अंकल, जो आप ठीक समझें."

लगेच तिला स्वयंपाकघरात पिटाळलं आणि खुर्ची पुढे ओढून मीच बसले. म्हटलं, "लेन-देन की बात मुझसे कीजिए."

मुकेशजी हसले. लाल दात. "माताजी, घर की बात है. जो आप कह दें, वही कानून."

माणूस गेल्यावर खोळ काढून भिजत घातली.

५ ऑगस्ट

ज्ञानदाला समोर बसवून शिकवणी घेतली. आमचे हे फौजेत सुभेदार होते तेव्हा बबिन्याच्या छावणीतल्या क्वार्टरमध्ये मी तीस वर्षं शिवण केलं. कर्नलीणबाईंपासून धोबिणीपर्यंत सगळ्यांचे ब्लाउज माझ्या हाताखालून गेले. शाळा दुसरीपर्यंत, बाकी सगळं मशीनवर बसून शिकले. तिला म्हटलं, तुझं काम आणि माझं काम एकच. तू फक्त दोरा वापरत नाहीस.

निम्मे पैसे कापडाला कात्री लावायच्या आधी. निम्मे काम झाल्यावर. आणि पैसे हातात आल्याशिवाय ब्लाउज पिशवीत घालायचा नाही.

"आज्जी, आमच्यात पिशवी नसते."

"मग काय असतं?"

"पासवर्ड असतो. चावीसारखा. तो जोपर्यंत माझ्याकडे, तोपर्यंत सॉफ्टवेअर माझं."

"मग चावी शेवटी. डिलिव्हरी कधी देशील?"

"वीस-पंचवीस तारखेला."

नेमकी तेव्हा शेजारची मधु कढीपत्ता मागायला दारात. तिने ऐकलं तेवढंच. "हाय दैया, ज्ञानदा की डिलीवरी?" कढीपत्ता तिथेच पडला. तिला समजावता समजावता पुरेवाट झाली. अजून तिचा पूर्ण विश्वास बसलाय असं मला वाटत नाही.

१० ऑगस्ट, रविवार

करार झाला. मी केला. आज मला स्वतःच्या पाठीवर शाबासकी द्यावीशी वाटतेय.

मुकेशजी कागद टाइप करूनच घेऊन आले, शुद्ध हिंदीत. त्यांना वाटलं असेल, म्हातारी अंगठा उठवेल. मी चष्मा लावला आणि अक्षर न् अक्षर वाचलं. हिंदी मी फाडफाड बोलते, आणि वाचायला तरी काय, अक्षरं तीच तर आहेत. निम्मे आधी, बरोबर. निम्मे नंतर, बरोबर. पासवर्ड शेवटी, हेही होतं. मग खाली एक ओळ त्यांनी आपल्या मनाने घातलेली: कार्य पूर्ण होने तक समस्त संशोधन निःशुल्क रहेंगे.

मला हसूच आलं. म्हटलं, "संशोधन का क्या पैसा लेना, मुकेशजी? वो तो ये दिन-रात करती ही रहती है. इसको शौक है."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ज्ञानदाकडे, मग परत माझ्याकडे. तोंडातला ऐवज एका गालातून दुसऱ्या गालात गेला. "वाह माताजी, दिल बड़ा है आपका. तो 'जितनी बार आवश्यक हो' भी लिख दें?"

"लिखो, लिखो. चाहे जितना करवा लो."

ज्ञानदा म्हणाली, "आज्जी..." मी हाताने गप्प केलं. मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नसतं. पोरीने सही केली, मी साक्षीदार म्हणून मराठीत सही ठोकली. निम्मे पैसे तिथेच फोनवर आले.

या खेपेला सोफ्यावर जुनी चादर टाकून ठेवली होती. तरी त्यांनी कोपऱ्यात हात घालून खोळच शोधली. पिवळा-लाल डाग. शिसारी आली अगदी.

संध्याकाळी भाजी निवडताना ज्ञानदाने विचारलं, "आज्जी, संशोधन फ्री का केलं तू? जितनी बार म्हणजे तर... खूप होईल ना."

म्हटलं, "अगं वेडे, त्याचे कसले पैसे घ्यायचे? उलट तुलाच शिकायला मिळेल."

तिने मेथीच्या दोन काड्या मोडल्या. मग म्हणाली, "तू बोलली तर ठीक आहे." हिचं मराठी ऐकून माझी आई स्वर्गात कपाळावर हात मारत असेल.

२४ ऑगस्ट

काम पूर्ण. पासवर्ड आपल्याकडेच ठेवून मुकेशजींच्या दुकानात वापरून बघायला चालू करून दिलं. ज्ञानदाने मला दाखवलं. इकडे शेतकऱ्याचं नाव घातलं, तिकडे तोल घातला, की पर्ची तयार. मी माझंच नाव घालून पाच क्विंटल उडीद विकला. पर्चीवर नाव अगदी बरोबर छापलं, बायडाबाई. आधार कार्डावर इंद्रने फॉर्म भरताना घाई केली आणि मी वायदाबाई झालेय, ती आजवर तशीच. मधु तेव्हापासून मला मुद्दाम वायदाबाई हाक मारते.

आता उरलेले पैसे आले की झालं.

३० ऑगस्ट

आले नाहीत. मुकेशजींचा फोन आला. "बिटिया, जरा रंग बदल दो. हरा कर दो. हमारे बाबूजी को हरा शुभ है." केला हिरवा.

६ सप्टेंबर

हिरवा डोळ्यांना लागतो म्हणून पुन्हा निळा. पर्चीचा आकार लहान. मग मोठा. आता बेपाऱ्यांची उधारीही त्यातच दिसावी म्हणतात. ही नवीनच गोष्ट आहे हे मलासुद्धा कळतं. ब्लाउज शिवायला घेतला आणि बाई म्हणते, त्यातच परकर जोडा.

फोनवर बोलतात तेव्हा मध्येच थुंकल्याचा आवाज येतो. ज्ञानदा फोन कानापासून लांब धरते, जणू शिंतोडे उडतील. मला त्या आवाजाची किळस बसलीय. दुपारची भाकरी गोड लागत नाही.

म्हटलं, "सांग की त्याला, पैसे पडतील म्हणून."

"कसं सांगू आज्जी? तूच तर..." एवढ्यात परत फोन वाजला आणि ती उठून गेली.

मीच तर शिकवलंय, मोठ्यांना उलट बोलू नये म्हणून. असल्या माणसालाही मोठा मानायचं का, हे शिकवायचं राहिलं.

११ सप्टेंबर

आज परत.

१४ सप्टेंबर, रविवार

पोरगी वाळत चाललीय. पूर्णिमा, माझी सून, म्हणते, ही जेवताना एक शब्द बोलत नाही. माझ्याशी तर मुळीच नाही. आधी माझ्या मशीनशेजारी बसून काम करायची, आता दार लोटून बसते. मी शेवयाची खीर केली, वाटी तशीच परत आली. माझं काय चुकलं? मी तर तिच्या बाजूने लढले.

मीच फोन लावला. म्हटलं, "मुकेशजी, काम पसंद है कि नहीं? साफ बोलिए."

"अरे माताजी, काम तो अभी चल ही नहीं रहा ठीक से. बच्ची है, सीख रही है. हम तो पुरानी कॉपी में ही लिख रहे हैं. जरा सा संशोधन और, बस."

"संशोधन तो करती रहेगी, पर पैसा?"

तिकडे हसण्याचा आवाज. "पहले संशोधन, फिर पैसा. आप ही का कानून है."

काय बरळतोय कळेना. फोन ठेवून हात साबणाने धुतले. का धुतले, काय माहीत.

१९ सप्टेंबर

ग्वाल्हेरच्या एका पॅथॉलॉजीवाल्यांचं दुसरं काम ज्ञानदाकडे आपण होऊन आलं होतं. चांगली माणसं दिसतात. तिने त्यांना थांबवून ठेवलंय, म्हणे पहिलं संपल्याशिवाय हातात घेता येत नाही. ते किती दिवस थांबणार?

इंद्रने बँकेच्या क्लासचा फॉर्म आणून फ्रिजवर ठेवलाय. वर लिंबू ठेवलंय, उडू नये म्हणून. म्हणाला, "आई, मी आधीच बोललो होतो. हिला काम येतच नसेल तर हिने करायचं काय?" ज्ञानदा समोरच होती. खाली मान घालून पोळी तोडत होती.  खरंच येत नसेल का तिला? हा विचार मनात आला आणि माझीच मला लाज वाटली.

२२ सप्टेंबर, सोमवार



आज नवरात्राची पहिली माळ. पुढच्या महिन्यात पेन्शनच्या कागदांना नाव जुळायला हवं म्हणून सकाळी सिविल लाइन्सच्या पोस्टात गेले, आधारच्या खिडकीवर. वर पाटी: यहाँ आधार में नाम, पता एवं जन्मतिथि का संशोधन किया जाता है.

मी पाटी वाचली आणि मनात म्हटलं, माझ्या जन्मतारखेवर संशोधन करायला कोण बसलंय इथे? ती तर माझ्या आईलाही धड माहीत नव्हती. रांगेत पुढे एक म्हातारा होता, त्याला हसत हसत विचारलं, "काए दद्दा, ये संशोधन क्या करते हैं इधर?"

तो म्हणाला, "अरे बाई, जो गलत लिखो है, ऊखों सही करत. बदल देत."

"बदल देते हैं? संशोधन माने बदलना?"

"हओ. और का?"

खिडकीतल्या पोरीलाही विचारलं. तिने न बघताच सांगितलं, "जी अम्मा, संशोधन मतलब करेक्शन. क्या बदलवाना है?"

अगं आई गं. संशोधन म्हणजे आपल्यात विद्वान लोक करतात ते, शोध लावणं. आणि इथे संशोधन म्हणजे उसवून परत शिवणं! आणि मी काय म्हणाले त्या माणसाला? चाहे जितना करवा लो. ज्या बाईने तीस वर्षांत एका फिटिंगच्या वर एक टाका फुकट उसवला नाही, तिने आपल्या नातीला जन्मभर फुकट उसवायला लिहून दिलं. वर साक्षीदाराची सही.

आणि त्याला कळलं होतं. गुटखा या गालातून त्या गालात गेला तो उगाच नाही. म्हातारीला शब्द कळला नाही हे त्याने ओळखलं आणि 'जितनी बार' जोडून घेतलं. माताजी म्हणत म्हणत. चहा माझ्या कपातला पीत पीत. थू.

घरी आले, चपला न काढताच ज्ञानदाचं दार उघडलं. "ज्ञानदा, संशोधन म्हणजे काय?"

तिने बावचळून पाहिलं. "म्हणजे... चेंज. मॉडिफिकेशन."

"मला शोध लावणं वाटलं."

"काय?"

"आमच्या मराठीत संशोधन म्हणजे शोध. मला वाटलं, तू कॉम्प्युटरवर बसून शोधत असतेस ते. ते फुकट दिलं मी. उसवायचं नाही दिलं, बाळ. उसवायचं मी कधीच कोणाला..." 

 ती हसायला लागली, मग हसता हसता रडायला लागली. "आज्जी, मला वाटलं तुला माहीत होतं. मला वाटलं, तुला माझं काम असंच वाटतं. फालतू. फ्री में देण्यासारखं."

एवढे दिवस पोरीने हे मनात ठेवलं. तिला शिकवलेली ती मोठ्यांची मर्यादा मी माझ्याच हाताने चुलीत घालीन.

खिडकीवरून नाव बदलून मिळण्याची पावती मिळालीय. त्यावर छापलंय: संशोधन शुल्क. वाचून आधी संताप आला. मग डोकं चालायला लागलं.

२४ सप्टेंबर

सकाळच्या बसने आम्ही दोघी मऊरानीपूरला. ज्ञानदा वाटेत दोनदा म्हणाली, "जाऊ दे आज्जी, परत जाऊ." मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. आतून मीही घाबरलेलेच होते, सही तर माझीच होती.

मंडीत माश्या, कडब्याची धूळ, भिंतीच्या कोपऱ्याकोपऱ्यात पिचकाऱ्या. मुकेशजींच्या आढतीवर पाच-सहा शेतकरी उभे. एकाच्या हातात पर्ची. मी म्हटलं, "दिखाना भैया." निळ्या रंगातली पर्ची, ज्ञानदाने केलेली, तीच. दुसऱ्याच्या हातात पण. गादीमागे मशीन टर्र टर्र करत तिसरी काढत होतं.

म्हणजे चालत होतं. महिनाभर चालत होतं! पुरानी कॉपी म्हणे, जुनी वही! ज्ञानदाने पर्ची हातात घेतली, तिच्या गालांवर रंग चढलेला मी पाहिला. तिलाही वाटायला लागलं होतं ना, की आपल्याला काही येत नाही.

"अरे माताजी! पधारो. चाय मँगाओ रे."

"चाय नहीं चाहिए. ये तो बढ़िया चल रहा है, मुकेशजी."

"हाँ, वो तो बस ट्रायल..." त्यांनी बाजूला पिंक टाकली. "थोड़ा संशोधन बाकी है. कागज में लिखा है, आपने ही लिखवाया."

मी पोस्टाची पावती गादीवर ठेवली. "ये देखिए. मेरे दो अक्षर के संशोधन का सरकार ने भी पैसा लिया. आपने मेरी पोती से महीने भर मुफ्त में करवाया. मैं मराठी मानुस, मेरे यहाँ संशोधन माने खोज. आपने समझ लिया था कि बुढ़िया नहीं समझी. समझा था कि नहीं? देवी के दिन हैं, इन सबके सामने बोलिए."

शेतकरी पुढे सरकून ऐकायला लागले. मुकेशजींची नजर पावतीवर, मग माणसांवर. "अरे, आप तो दिल पे ले गईं. कागज तो कागज है."

तेव्हा ज्ञानदा बोलली. हळू, पण बोलली. "अंकल, कागज में ये भी है कि पासवर्ड पैसे के बाद. पासवर्ड मेरे पास है. फिटिंग हो चुकी. जैसा है, वैसा पसंद है तो पैसे दीजिए. नहीं पसंद, तो मैं बंद करके ले जाती हूँ."

मागून एका शेतकऱ्याला आपल्या पर्चीचं काय होणार याची काळजी पडली, "तौ हमाई पर्ची को का हुइए?"

मुकेशजींनी डोकं खाजवलं. "बिटिया, दे देंगे. परसों पक्का."

मी विचारलं, "परसों आने वाला कि गया हुआ? आपकी भाषा में दोनों एक ही हैं. मैं एक बार फँस चुकी."

आता मात्र सगळी आढत हसली. मी उठताना म्हटलं, "मेरे कार्ड पे वायदाबाई लिखा था, कटवा दिया. वो नाम खाली है, आप रख लो."

ज्ञानदा म्हणाली, "शुक्रवार शाम तक चलेगा, अंकल. उसके बाद आपके ऊपर है."

बसमध्ये तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि झाशी येईपर्यंत झोपली. मला मात्र तिथला वास नाकातून जाईना. साडी घरी येऊन लगेच धुतली.

रात्रीच्या जेवणाआधी इंद्रला सगळं सांगितलं. म्हटलं, "तिचं काम चालतंय, मी डोळ्यांनी पाहिलं. मोडलं ते माझं हिंदी. क्लासला पाठवायचं तर मला पाठव." त्याने फॉर्म फ्रिजवरून काढला, घडी घालून खिशात ठेवला. फाडला नाही. त्याचा बापही असाच होता, हरला तरी शस्त्र खाली ठेवायचा नाही.

२६ सप्टेंबर

दिवसभर फोन नाही. संध्याकाळी दिवाबत्ती करताना ज्ञानदाचा फोन टुंग वाजला. उरलेले सगळे पैसे आले. सोबत मुकेशजींचा बोललेला निरोप: "माताजी को प्रणाम." शेवटी थुंकल्याचा आवाज आहेच. ज्ञानदाने पासवर्ड पाठवला आणि निरोप पुसून टाकला. आनंद झाला का? झाला. पण उलटी झाल्यावर बरं वाटतं ना, त्या जातीचा.

२ ऑक्टोबर, दसरा

आपट्याची पानं इथे मिळत नाहीत, शमीवर भागवतो. ज्ञानदाने माझ्या हातावर पान ठेवून नमस्कार केला आणि म्हणाली, "आज्जी, ग्वाल्हेरवाल्यांच्या शर्ती लिहायच्यात. बसतेस?"

मी म्हटलं, "मला कशाला? मी वाट लावते."

"तूच बस."

बसले. निम्मे आधी, चावी शेवटी. बदलांच्या जागी मी उसवण्याबद्दल सांगितलं ते तिने तसंच हिंदीत लिहिलं: एक फिटिंग मुफ्त. उसके बाद उधेड़ने के पैसे अलग. तिकडच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला, ये उधेड़ना क्या है? ज्ञानदाने सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, समझ गई, मेरी मम्मी भी सिलाई करती थीं. इंद्र पेपर वाचायचं सोंग करून ऐकत होता. पेपरमागूनच म्हणाला, "सोमवारपासून ना? मग तो पंखा दुरुस्त करून घेतो तुझ्या खोलीतला."

दुपारी मी ती खोळ घेऊन बसले. चार वेळा धुतली, उन्हात टाकली, लिंबू लावलं, डाग काही हलला नाही. शेवटी तेवढा तुकडा कापून काढला, आतून अस्तर लावलं आणि वर मोरपंखी दोऱ्याने नवं फूल भरलं. ज्ञानदा शेजारी येऊन बसली, पहिल्यासारखी, मशीनला टेकून. फुलावर बोट फिरवून म्हणाली, "आज्जी, हे संशोधन झालं."

"झालं," मी दात लावून दोरा तोडला. "आणि हे शेवटचं फुकट."